सावंतकाकांकडे राहिलेला डबा

ते खूळ माझंच, आधीच कबूल करते. चांगुलपणावरची सात मिनिटांची एकच फिल्म जगभर एकाच दिवशी बघायची आणि मग व्हिडिओ कॉलवर एकमेकांशी बोलायचं, असा तो कार्यक्रम. माझगावला आमच्या चाळीच्या ऑफिसात मी पडदा लावला.

फिल्म संपल्यावर केनियातल्या एका बाईंनी विचारलं, "तुमच्यात कुणाचे आभार मानायचे राहिलेत?" मी ते मराठीत सांगितलं.

मग सेलीन आंटी म्हणाल्या, "आभार राहू दे गं. ह्या सावंतांना विचार, माझा स्टीलचा डबा कुठंय? दोन वर्षं झाली."

दोघं शेजारी, पण त्या डब्यावरून बोलणं बंद होतं. नाताळात त्यातून आंटींच्या नेवऱ्या, म्हणजे करंज्याच, सावंतांकडे जायच्या आणि दिवाळीला सावंतकाकूंच्या चकल्या भरून तो परत यायचा.

काका खाली बघत म्हणाले, "घासून ठेवलाय, सेलीनबाई. पण रिकामा डबा परत कसा देऊ? चकल्या करणारी गेली."

"काय म्हणतायत ते?" पडद्यावरच्या बाईंनी विचारलं. मी त्यांना हातानेच थांबा म्हणून खुणावलं.

आंटींचा आवाज एकदम खाली आला. "अहो, रिकामाच आणायचा ना. दोन नाताळ नेवऱ्या करून बसलेय मी. डबा तुमच्याकडे, मग पाठवू कशात?"

आंटींच्या घरी डब्यांनी अख्खी फळी भरलीय, हे सगळ्या चाळीला माहीत आहे. पण त्या दिवशी कुणी तोंड उघडलं नाही.