सत्तावीस गेले, सत्तावीस आले

समारंभाच्या अध्यक्षा माननीय शैलाताई, व्यासपीठावरचे प्रमुख पाहुणे सुरेशराव, आजच्या निरोपाचे मानकरी जयप्रकाशभाऊ, पहिल्या रांगेत बसलेल्या सुनंदावहिनी, आणि गुरुवारची संध्याकाळ राखून सलव्याच्या या सभागृहात जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी महबूब, मंडळाचा सहलप्रमुख. जयप्रकाशभाऊंच्या इथल्या, आखातातल्या तेल कंपनीतल्या सव्वीस वर्षांचा गौरव जाणकारांनी केला. मला एकाच संध्याकाळबद्दल बोलायचं आहे. भाऊंनीच मला ते बोलायला सांगितलंय, कारण त्यांच्या तोंडून ते निघत नाही.

आपल्या सहलीत बस सुटण्याआधी प्रत्येकजण आपला आकडा मोठ्यानं म्हणतो. वफ्राच्या मळ्यात सुरेशरावांच्या सासूबाई मागे राहिल्या आणि परतताना शहरात रिग्गई येईपर्यंत सुरेशरावांनी चकार शब्द काढला नाही, तेव्हापासूनची ही पद्धत. हसताय काय, सुरेशराव!

तीन वर्षांपूर्वी, ईदच्या सुट्टीत, आपण ग्रीसला गेलो. नाफ्प्लिओ नावाचं जुनं बंदर. ऊन उतरल्यावर तिथली गाईडबाई आम्हाला गल्ल्यांतून हिंडवत होती. त्यांच्या पहिल्या राज्यकर्त्याला जिथे गोळी घातली, ते चर्चचं दार तिनं दाखवलं. मग धक्क्यावर आलो. समोर पाण्यात छोटासा किल्ला, त्यावर दिवे लागलेले. मी हर्णैचा माणूस, मला सुवर्णदुर्ग आठवला आणि उगाच गलबलून आलं.

तिथेच मोजणी सुरू झाली. भाऊ म्हणाले, "अकरा." पुढे शांतता. बारा नंबर वहिनींचा, आणि वहिनी तर भाऊंच्या शेजारीच उभ्या!

मी म्हटलं, "काय वहिनी, आज मौनव्रत?"

तर मला म्हणतात, "महबूबभाई, इतक्यात निघू नका हं. आमचे हे अजून आले नाहीत."

त्यांचा हात भाऊंच्या हातात होता. सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं मी हसलो. नवराबायकोचं काही बिनसलं असेल, दुसरं काय वाटणार? भाऊ तेवढे हसले नाहीत. त्यांनीच "बारा" म्हटलं आणि मोजणी पुढे गेली.

त्यानंतर हळदीकुंकवाला वहिनी ओळख देत नाहीत, शिष्ट झाल्या, असं आपल्यात बोललं गेलं. मीही बोललो. लाज वाटते. वहिनींचा तो विसरण्याचा आजार आहे, आणि डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच हात टेकलेत. भाऊंची नोकरी अजून चार वर्षं होती, ती सोडून ते परवा नाशिकला निघालेत. तिथे वहिनींना बरं वाटेल, असं कृपा करून कुणी म्हणू नका. भाऊंना ते ऐकवत नाही. मघाशी दारात वहिनींनी मला विचारलं, "निरोप कुणाचा आहे हो?"

अध्यक्षांनी बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. एक चूक मात्र माझी मीच कबूल करतो. त्या सहलीच्या अहवालात मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, सत्तावीस गेले, सत्तावीस आले, कुणीही मागे राहिलं नाही. भाऊ, ते वाक्य मी आज सर्वांसमक्ष मागे घेतो. मला माफ करा.