कोट माहेरी चालला

दुबईत रास अल खोरला बसच्या रांगेत माझ्या पुढे दोघी उभ्या होत्या. दोघींच्या गळ्यात जुन्या कपड्यांच्या एकाच गोदामाची ओळखपत्रं.

“फिलोमिना, तो राखाडी कोट तू बल्गेरियाच्या गठ्ठ्यात टाकलास?”

“हो, अनुराधा मॅडम.”

“अगं, लेबल वाचलंस का? तो बल्गेरियातच शिवलाय!”

“वाचलं ना. शिवला तिथं, विकला जर्मनीत, जुना झाला म्हणून आपल्याकडे आला.”

“आणि आता परत तिथंच?”

“माहेरी चाललाय बिचारा.”

“सिस्टीममध्ये असं कारण नाहीये.”

“‘अदर’मध्ये टाइप केलं. ‘गोइंग टू मदर्स हाऊस.’”

“तरीच! मॅनेजरचा मेल आला, ही मदर कोण? तिचं ट्रेड लायसन्स पाठवा.”

“अरे देवा! मग काय कळवलंत?”

“ओल्ड पार्टी आहे म्हटलं. खलास, लगेच अप्रूव्ह. शुक्रवारी कंटेनर सुटतोय.”

“कमाल आहे! रजेच्या अर्जात मी हेच कारण लिहिलं होतं. तीनदा रिजेक्ट.”

“कोटाला लेबल असतं गं. तुला कुठंय?”

“आहे की, मॅडम. मेड इन वसई.”