धूळ न उडवता

वसईत छातीच्या डॉक्टरांकडे विनया नंबर लावून बसली होती. शेजारचे म्हातारे सुतार बाकाची सागवानी कड पोलादी तुकड्याने तासत होते. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोचा पदर तिथे अडकला होता. पलीकडचा खोकणारा तरुण वाकून बघू लागला.

"काका, मीपण सुतारच. गोखिवऱ्याला गाळ्यात मशीनवर लाकूड घासतो, भुशाने छाती भरलीय. हे काय हत्यार?"

"जुन्या करवतीचा तुकडा. कानशीने कड सरळ करायची, मग स्क्रू ड्रायव्हरचा दांडा दाबून फिरवायचा. बारीक धार वळते. डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला कळते."

"आयला! भुसा नाहीच! कांद्याच्या पापुद्र्यासारखं निघतंय!"

"चाळीस वर्षांत पॉलिशपेपर हातात धरला नाही मी."

"का हो?"

"लग्न झालं नि कळलं, हिला धुळीने धाप लागते. आणि माझं काम घरच्याच ओटीवर."

"अहो, मला तर सांगत आलात," म्हातारी नवऱ्याकडे वळली, "पेपरने लाकडाचं तेज जातं!"

"तेही जातंच."

आतून त्यांचा नंबर पुकारला. म्हातारी उठेचना. विनयाने पाहिलं, ती बाकाच्या कडेवरून हलकेच अंगठा फिरवत होती.