खालच्या खोलीतली मास्तरीण

—रिकामी आहे म्हणून कुणी सांगितलं तुला? बेकरीवाल्या गारुफालियानं ना? वाटलंच. तिला काय, तोंड दिलंय देवानं, चालवते. बस. ती पिशवी टेकव खाली, कुणी पळवत नाही इथं. कॉफी घेशीलच – बोटीतून उतरलेली मास्तरीण कॉफीला नाही म्हणत नाही, वीस वर्षं बघतेय मी तुम्हाला. दर सप्टेंबरात येता. बदलीवरच्या बाया. तिकडं अथेन्सात कुणीतरी एक यादी काढतो, आणि तुम्ही निघता बोचकी उचलून – असल्या बेटावर, ज्याचं नाव आदल्या दिवसापर्यंत ऐकलेलं नसतं. जूनमध्ये परत. पुढच्या वर्षी नवी. आमच्या पोरांनी नावं तरी किती पाठ करायची? नको, तुझं नको सांगूस. लागलं तर विचारीन.

खोली आहे. आहे, नाही कशाला म्हणू? खाली, या स्वयंपाकघराच्या बरोब्बर खाली. पूर्वी नवऱ्याची जाळी असायची तिथं, मग मी फरशी घातली, न्हाणीघर काढलं. उन्हाळ्यात लोक भांडतात तिच्यासाठी. यंदा? यंदा नाही दिली कुणाला. ओल आलीय. भिंतीला, छताला – छताला जास्त. असू दे, ते बघायची गरज नाही. मुरंबा खा. संत्र्याच्या सालीचा आहे, घरचा.

गेल्या वर्षी होती की एक. पोलिक्सेनी. कार्दित्साची – तिकडची, सपाटीवरची, जिथं कापूस पिकतो आणि समुद्र चित्रात बघतात. इथं उतरली तीच भिंतीला धरून. मी म्हटलं बोट लागली असेल. अकरा तास डेकवर बसून आलेली, वर ढगळ शर्ट, नवऱ्याचा. मला काय स्वप्न पडलंय दुसरा महिना चाललाय म्हणून? सांगितलं तिनं? नाही सांगितलं! माझ्या घरात राहायला येतेस, माझ्याच टेबलावर कॉफी पितेस, आणि पोटातलं लपवतेस. आता तू म्हणशील, सांगितलं असतं तर मावशी खोली दिली असतीत का? नसती दिली. पण ते वेगळं.

आणि आली कशाला, सांग की. घरी बसायचं. तर म्हणे, स्वतः येऊन सही करावी लागते, नाहीतर पुढची दोन वर्षं यादीतून नाव कटतं. असेल. तुमचे नियम तुम्हाला माहीत. गरोदर बाईला अकरा तास समुद्रावरनं आणून एका कागदावर सही घेणारं सरकार शहाणं, की ती सही करायला येणारी बाई शहाणी – हे काही मला ठरवता आलं नाही. दोघांचंही डोकं एकाच बाजारातनं आणलेलं असणार.

शाळेत दोघंच. थेमेलिस हेडमास्तर – तुला भेटला असेल, पाण्यात भिजवलेल्या पावासारखा माणूस, हात लावला की तुकडा पडतो – तो मोठ्या पोरांना शिकवतो. हिच्याकडं लहान अकरा. अकरा पोरं म्हणजे काय मोठी फौज आहे? पण ही जीव पाखडायची. त्यांना कापसाची बोंडं आणून दाखवली, फळ्यावर तिचं ते सपाट रान काढलं, आणि पोरं घरी येऊन सांगायची, आई, बाईंच्या गावात चढच नाही! जसं काही मोठं पुण्यच. तास मधेच सोडून मागं झाडाआड जायची, ओकायची, तोंड धुऊन परत फळ्याशी. पोरांना कळलं होतं. सहा-सहा वर्षांची पोरं, पण एकानं घरी सांगितलं नाही. बाई बाहेर गेल्या की गप्प बसून राहायची म्हणे, एकमेकांकडं बघत. कुणी अंडी आणून द्यायचं, कुणी लिंबं. मला वाटायचं, चांगली मस्का लावून घेतेय पोरांकडनं.

मला कधी कळलं? डिसेंबरात. दोरीवर कपडे वाळत घालताना हात वर केले, वाऱ्यानं शर्ट अंगाला चिकटला. बस. मी दोन बाळंतपणं केलेली बाई – मला काय चष्मा लागतो? म्हटलं, कितवा? तर लाल झाली. पाचवा, म्हणाली. कालिरोईमावशी, कुणाला सांगू नका, फेब्रुवारीत माझी रजा लागते, तोवर ओढते मी. ओढते म्हणे! जसं काही गाढव आहे आणि मागं गाडा आहे.

नाही, मी मुद्दाम नाही सांगितलं. गारुफालियाच्या दुकानात उभी होते, ती म्हणाली, तुमची मास्तरीण अलीकडं दोन पाव नेते. मी म्हटलं, दोघांचं खातेय ना. एवढंच. चार शब्द. आता त्या चार शब्दांचं पुढं कुणी काय करावं हा माझा दोष? दुसऱ्या दिवशी सगळ्या आया शाळेत. आमच्या पोरांचं वर्ष वाया जाणार, ही मधेच सोडून जाणार, दुसरी कोण येणार, आत्ताच सोक्षमोक्ष लावा. आणि थेमेलिस – तो भिजका पाव – तिला बोलावून म्हणतो, पालकांच्या भावना समजून घ्या. तिच्या भावना समजायला कुणाला वेळ नव्हता. पण बरोबरच होतं त्यांचं! नव्हतं का बरोबर? मी तिला खाली जाऊन सांगितलं, बघ, लपवलंस म्हणून झालं हे. तिनं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं – तुमची ही एक खोड आहे मास्तरणींची, पोरानं शाई सांडल्यावर बघता तसं बघायचं.

आणि मग तिनं हट्टच धरला. एक दिवस सुट्टी घेईल तर शपथ. डॉक्टर आहे आमच्याकडं एक, सरकारी, कोवळा पोरगा, अजून मिसरूड नीट फुटलं नाही – तो म्हणाला, बाई, पडून राहा, तुमचं लक्षण बरं नाही, मी लिहून देतो. हिनं कागद घेतला, पर्समध्ये घातला, आणि सोमवारी शाळेत. कशाला? तर आयांनी म्हणू नये. बघ म्हणजे! ज्या बायांना स्वतःच्या पोरांची वही उघडून माहीत नाही, त्यांनी म्हणू नये म्हणून. बंदरापासून शाळेपर्यंत पायऱ्या किती, मोजल्यास येताना? मोजशील. ती दर दहा पायऱ्यांनी थांबायची, खांदा भिंतीला टेकवून, आणि ओट्यावर बसलेल्या बाया म्हणायच्या, सुप्रभात बाई, आज हवा छान आहे. मीही म्हणायचे. मग काय करायचं होतं, उचलून न्यायचं?

आमच्या वेळी रजा होती का? मी वरच्या मळ्यात ऑलिव्ह वेचत होते, कळा आल्या, टोपली डोक्यावर घेऊन उतरले. लेक झाली. तिच्या आधीचा एक – तो नाही राहिला. त्या वेळी या इथंच, खाली, जाळ्यांच्या खोलीत पडले होते मी, आणि सासू वर होती. हाका मारल्या. ती जेवत होती. जेवण झाल्यावर आली. मी काय केलं नंतर? भांडी घासली. कुणाला बोल लावला नाही, कुणाकडं बघितलं नाही. म्हणून म्हणते, आजकालच्या पोरींना जरा—

खा ना मुरंबा. नुसती चमचा धरून बसलीस.

रजा लागायला आठ दिवस उरले होते. रविवार. दुपारी जेवून मी आडवी झाले होते. आमच्याकडं दोन ते पाच कुणी कुणाचं दार वाजवत नाही, कुत्रंसुद्धा भुंकत नाही, हे मी तिला पहिल्याच दिवशी सांगून ठेवलेलं. आणि बाहेर वारा असा, की बंदरात तीन दिवस बोट नाही. खिडक्या नुसत्या आदळत होत्या. त्यात एक आवाज आला तर तो कशाचा हे कसं कळणार माणसाला? झोपले होते मी. गाढ. खालून झाडूच्या दांड्यानं छताला ठोकलं म्हणे तिनं. असेल ठोकलं. मी झोपेत होते, थेमेलिसला तेच सांगितलं, डॉक्टरला तेच सांगितलं.

पहिल्यांदा एकदा. मग थोड्या वेळानं दोनदा, लागोपाठ. मला वाटलं, हीटर बंद पडला असेल हिचा, नेहमीचंच रडगाणं, पाच वाजता बघू. मी कूस बदलली. मग बराच वेळ काही नाही. मग परत एकदा – पण हळू, ठोकल्यासारखं नाही, दांडा नुसता टेकवल्यासारखा. आणि मी म्हटलं, बघ, लागलं की नाही वळण, कळलं की नाही कालिरोईचं घर आहे हे—

काय बघतेस?

वाऱ्याचा आवाज होता म्हटलं ना. असा वारा तू बघितलेला नाहीस अजून.

उठून गेली ती आपली आपण. भिंत धरत. त्या पायऱ्या, त्या वाऱ्यात, वर डॉक्टरच्या दारापर्यंत. पाचला मी खाली उतरले तर दार उघडं, आदळतंय, आणि उंबऱ्यापासून पार – मी धुतलं ते. व्हिनेगर घालून दोनदा धुतलं. तोपर्यंत तिकडं बंदरावर अख्खं गाव. हेलिकॉप्टर म्हणे या वाऱ्यात उठत नाही. बंदरवाला म्हणे, एकही होडी बाहेर काढायची नाही, हुकूम आहे. तेव्हा स्त्रातिस, आमचा मच्छीमार, एरवी माणसाशी धड न बोलणारा, तो म्हणाला, हुकूम तू सांभाळ, मी बाईला नेतो. फळी टाकून तिला चढवलं, तो डॉक्टर पोरगा बरोबर गेला, बुटांसकट गुडघाभर पाण्यात. तीन तास लागले मोठ्या बेटावर पोचायला. ती अकराच्या अकरा पोरं धक्क्यावर उभी होती, रविवारच्या कपड्यांत, कुणी घरी जाईना. आणि त्याच आया, ज्या डिसेंबरात शाळेत नाचल्या होत्या, त्या रुमाल डोळ्यांना लावून, देवमाते सांभाळ, देवमाते सांभाळ. ढोंगी! पुढच्या आठवड्यात चीज काय पाठवलं, मध काय पाठवला दवाखान्यात. मला हसूच आलं. मी गेले नव्हते धक्क्यावर. मी फरशी धूत होते.

जगली. दोघी जगल्या. पोर दोन मुठींएवढं, सात आठवडे काचेच्या पेटीत, अथेन्सात. थेमेलिसनं जूनपर्यंत सगळी पोरं एका खोलीत घेऊन शिकवली. शिकवली म्हणजे – सांभाळली.

जुलैत आली होती. सामान न्यायला. मी बांधून ठेवलं होतं सगळं – कपडे, वह्या, पोरांनी काढलेली चित्रं, एकेक चित्र कागदात गुंडाळून, दुमडू नये म्हणून. टेबलावर ट्रे मांडला होता, हाच. कपात साखर किती घेते ते आठवत होतं मला. ती सरळ खाली गेली. पोर छातीशी बांधलेलं. मी जिन्यात उभी राहिले. खोकं घेऊन बाहेर आली, म्हणाली, चावी आत ठेवलीय. बस, एवढंच. मी म्हटलं, बघू तरी, कुणावर गेलीय. असं काही मोठ्यानं नाही म्हटलं, सहज. तर ती वळली – मी इकडं उभी, तर तिनं खांदा असा तिकडं केला, की पोर मला दिसू नये. मागनं टोपी दिसली. एक कान दिसला. एवढासा. शिकलेल्या बाया! पाच महिने जिच्या घरात राहिली तिला पोरीचं तोंड दाखवायला काय झालं होतं? मी काय खाणार होते? मी काय मुद्दाम—

आठ पावलांवर जिना आहे माझ्या पलंगापासून. मोजलीत मी. नंतर.

आता वर चढताना बघशील, स्त्रातिसच्या खिडकीला निळी झडप आहे, त्याच्या आईकडं उतरली होती ती चार दिवस. रोज संध्याकाळी पोरं यायची तिथं, बाळ बघायला, रांग लावून. रांग! मला इथनं, या खिडकीतनं, हसणं ऐकू यायचं. गारुफालिया गेली होती, थेमेलिस गेला होता. बोलावलं त्यांना. मला काही कुणाच्या बोलावण्याची—

उठलीस? कॉफी अर्धी टाकून? बरं. तुलाही काहीतरी वाटलं असेल. तुम्हाला सगळ्यांना वाटतंच काहीतरी, पहिल्या दिवशी. घे तुझी पिशवी. नाही, खोली बघायची नाही. खोली देणार नाहीच मी. ओल आहे म्हटलं ना. आणि गावात कुणी विचारलं, तर नीट सांग – कालिरोईनं नाही म्हटलं. मी. तू नव्हे. कळलं? मी नाही म्हटलं.

जा.