धूर नसलेली भट्टी

छातीच्या डॉक्टरांकडे नंबरची वाट पाहणाऱ्या शिंपीणबाईंच्या शेजारी पोलाद कारखान्यातला भट्टीवाला आणि त्याची बायको बसले होते.

"डॉक्टरांनी सिगारेटचं विचारलं तर?"

"शिवतसुद्धा नाही म्हणेन. शर्टाला वास येतो तो भट्टीच्या धुराचा."

"कोळशाची भट्टी बंद झाली ना हो?"

"कधीच! सहा महिने झाले, हायड्रोजनवर काम चालतं आमचं. धुराड्यातून नुसती वाफ निघते, वाफ!"

"धूर नावालाही नाही?"

"शपथेवर सांगतो!"

"मग कालच्या शर्टाला कसला वास होता?"

शिंपीणबाईंचं मासिकाचं पान उलटायचं राहून गेलं.

"अगं, तीस वर्षांची सवय... भट्टीची अशी लगेच सुटते होय?"

"उठा, नंबर आला. भट्टीला घेऊन मीच आत येते."