अकरा कपाटांची यादी

मंडळी, ऐका! आधी प्रश्न, मग गोष्ट. आपण कुणाच्या मदतीला धावतो — ते त्याची अडचण सोडवायला, की आपलं मत त्याच्या गळ्यात घालायला? हसू नका! उत्तर माहीत असलेलेच आधी हसतात.

तर खालच्या पेठेत एक वाचनालय. अकरा कपाटं, तीन हजार पुस्तकं, आणि ग्रंथपाल कौसल्याताई बोडखे. सोमवारी सरकारी तपासणी! पुस्तकांची यादी संगणकावर नसेल तर वाचनालयाचा दर्जा जाणार. आणि दर्जा गेला की दाराला कुलूप. ताईंनी चार महिने एका बोटानं यादी टाइप केली. एकच कपाट राहिलं होतं.

मदतीला दोन भक्त — अवधूत निंभोरकर आणि शैलेंद्र कुमावत. कुणाचे भक्त? लिनक्सचे! देवांच्या यादीत शोधू नका हो, संगणक चालवणारी व्यवस्था आहे ती. फुकट मिळते, हवी तशी बदलता येते. तिचा काही दोष नाही. पण एकेका कामाला दहा-दहा प्रोग्रॅम, आणि प्रत्येकावर यांचं मत!

अवधूत सकाळी यायचा. "ताई, यात कशाला लिहिता? फार जड आहे हा!" काढला, दुसरा घातला. संध्याकाळी शैलेंद्र. "हा कुणी घातला? अवधूतनं? त्याला काय कळतंय!" काढला, तिसरा घातला.

ताई रोज विचारायच्या, "अरे, माझी यादी कुठेय?"

"आहे ताई, फक्त बटणं वर गेलीत!"

पुढे दोघांचं बोलणंच बंद झालं. शेताच्या बांधावरून? नाही! लिहायला कुठला प्रोग्रॅम चांगला, यावरून!

शुक्रवारी अवधूत म्हणाला, "हा पसाराच नको. सगळं पुसून नव्यानं टाकतो. वीस मिनिटांचं काम!" ताई आत चहा टाकायला गेल्या. अवधूतला वाटलं, यादीची एक प्रत शैलेंद्रनं ठेवली असेल. शैलेंद्रला वाटायचं, अवधूतनं ठेवली असेल. विचारणार कोण? अबोला ना!

चहा घेऊन ताई आल्या. संगणकाचा पडदा कसा — लख्ख! यादी नाही.

"चार महिने रे, अवधूत," एवढंच म्हणाल्या आणि खुर्चीत बसून रडल्या. मंडळी, त्या दिवशी अवधूतचं कशावरच मत नव्हतं. त्यानं स्वतः शैलेंद्रला फोन लावला.

शैलेंद्र धावत आला, आणि दोघं मान खाली घालून उभे. ताई उठल्या. पहिल्या कपाटाचं दार उघडलं. आतल्या बाजूला छापील कागद चिकटवलेला — त्या कपाटातली सगळी पुस्तकं! ताईंची पद्धतच होती ती. एक कपाट टाइप झालं की यादी छापायची आणि दाराला डकवायची. वाचकाला शोधायला सोपं जातं म्हणून.

दोघांनी आपापले लॅपटॉप उघडले. अवधूतनं विचारलं, "कशात टाइप करायचं?" शैलेंद्रचं तोंड उघडणार, तोच ताई म्हणाल्या, "दोघांच्याही संगणकात उघडेल अशा साध्यात साध्या फाइलीत. माझं मत एकच आहे बाबांनो — आज लिहिलेलं उद्या सापडलं पाहिजे."

शनिवार-रविवार दोघं कपाटांपुढे मांडी घालून बसले. राहिलेलं अकरावं कपाटही झालं. सोमवारी अधिकारी आले, यादी बघितली, सही केली. दर्जा राहिला! जाता जाता अवधूतचा हात माउसकडे गेला. "ताई, एवढं एकच जरा —"

"हात काढ!" ताई म्हणाल्या.

हसलात? बरं झालं. आता इकडे बघा. सुनेच्या फळीवरचे डबे 'सोयीचे' लावून देणाऱ्या बाई समोर बसल्यात, नाव घेत नाही. बापाचा फोन 'सुधारून' देणारे चिरंजीव त्या खांबाला टेकलेत. आणि मी? कालच पेटीवाल्या बुवांना त्यांची पट्टी बदलायला लावली. ते गप्प बसले, आणि मी समजलो, पटलं!

"माझी यादी कुठेय?" असं तुमच्या घरात रोज कोण विचारतंय? आणि तुम्ही त्याला बटणं दाखवताय? त्या माणसाचा चेहरा आठवा. आठवला? मग वाजवा टाळी, घ्या देवाचं नाव — आणि घरी गेल्यावर आधी त्याचं ऐकून घ्या.