पहिलं नातवंड आजीचं

(बिश्केक. शाळेच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापिकेच्या दाराबाहेरचा बाक.)

बेरमेट – मी माफी मागणार नाही. वहिनी, तू कितीही डोळे वटार.

नाझिरा – वहिनी नाही, आई! मी जन्म दिलाय तुला.

बेरमेट – दिलास, आणि सासूच्या मांडीवर ठेवून मोकळी झालीस. तिकडे नारिनला, गावी, जिनं मला वाढवलं ती माझी आई. ती गेली, आणि लगेच तुम्ही मला इथं उचलून आणलंत. बाबा तिकडे एकटे घोड्या सांभाळतायत.

नाझिरा – आजोबा आहेत ते तुझे.

बेरमेट – गावात विचार जा. म्हातारपणची लेक म्हणतात मला. तुझा नवरा माझा दादा. दादा होता तेव्हा लाड करायचा, आता बाप होऊन कान धरतो. कोण आहात ते एकदा ठरवा तरी!

नाझिरा – पहिलं नातवंड आजी-आजोबांचं, ही रीत काय मी काढली? मला कोणी विचारलं नव्हतं. दूध भरून यायचं. छातीला ओढणी घट्ट बांधून तबेल्यात जाऊन रडायचे.

बेरमेट – मग भांडायचंस तेव्हा!

नाझिरा – नवी सून कोणाशी भांडणार? आणि तुझ्यासारखं भांडू? तास बुडवून, नारिनच्या बसमध्ये चढून? आज तर वर्गातल्या त्या पोरीच्या डोक्यावर बाटलीभर कुमीस ओतलंस!

बेरमेट – बाबांनी पाठवलेलं. मस्त आंबलं होतं. फुकट गेलं.

नाझिरा – दात काढू नकोस. घोडीच्या दुधाचा वास सहजासहजी जातो होय? शाळेतून काढतील.

बेरमेट – काढू देत. नारिनला जाते.

नाझिरा – का ओतलंस पण?

बेरमेट – मला गावंढळ म्हणाली. ते रोजचंच आहे. मग म्हणाली, तुझ्या आईनं तुला कोकरासारखं देऊन टाकलं, दगडाच्या काळजाची बाई.

नाझिरा – तूही तेच म्हणतेस.

बेरमेट – मी म्हणेन. तिचा काय संबंध?

मुख्याध्यापिका – या आत. बेरमेट, आईला आणायला सांगितलं होतं. या कोण?

बेरमेट – वहिनी.

नाझिरा – आईच आहे, मॅडम. ती वहिनी म्हणते. म्हणू दे.

मुख्याध्यापिका – ते तुमचं तुम्ही बघा. हिनं आधी माफी मागायची.

नाझिरा – नाही मागणार.

मुख्याध्यापिका – अहो, मग शाळेतून काढावं लागेल.

नाझिरा – काढा. काढलीत तर ही नारिनला निघून जाईल, माझ्या हाती काही राहणार नाही. तरी नाही मागणार. त्या मुलीनं आधी आपले शब्द मागे घ्यावेत. एकदा मी गप्प बसले होते, मॅडम. फार महागात पडलं.

बेरमेट – वहिनी, बस आधी. ही खुर्ची घे... आणि जायचं झालं तर या वेळी सांगून जाईन.